ग्रिनेल की मॅकॅलेस्टर: सहकारनगरच्या एका आईला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या मुलीला अमेरिकेतल्या दोन लिबरल आर्ट्स कॉलेजांत, म्हणजे एकाच शाखेत न अडकता अनेक विषय शिकू देणाऱ्या छोट्या कॉलेजांत, चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. एक आयोवा राज्यातलं ग्रिनेल, दुसरं मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर. तिला अर्थशास्त्र आणि पर्यावरण दोन्ही आवडतं, मुख्य विषय अजून ठरलेला नाही. दोन्हीकडून आर्थिक मदत मिळाली आहे आणि पहिल्या वर्षी तुम्हाला भरायची रक्कम जवळपास सारखी आहे. १ मेच्या आत एकाला होकार कळवायचा आहे. घरात रोज रात्री जेवताना हा विषय निघतो आणि रोज तिथेच येऊन थांबतो. तुम्ही विचारलंय, "दोन्ही सारखीच वाटतात, मग चांगलं कोणतं?"

गेली अठरा वर्षं मी पुण्यातून बाहेर शिकायला जाणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करते आहे. बारावीनंतर लगेच जाणारी मुलं हे माझं मुख्य काम. "चांगलं कोणतं" याचं उत्तर सरळ आहे: दोन्ही चांगली आहेत. म्हणूनच तो प्रश्न तुम्हाला पुढे नेत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या वर्षी तिच्या हातात कोणते तास, म्हणजे कोणते अभ्यासक्रम, असतील? जून-जुलैत ती कुठे असेल? आणि चौथ्या वर्षी तुम्ही किती पैसे पाठवत असाल? माहितीपुस्तकात दोन कॉलेजं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. या तीन प्रश्नांवर आणलीत की त्यांचे चेहरे वेगळे दिसायला लागतात.

नावाचं आणि क्रमवारीचं आधी संपवते, कारण नातेवाईक तेच विचारणार. "हे कुठलं कॉलेज? कधी ऐकलं नाही." आता लवळ्याला फ्लेम आणि विमाननगरला सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स आल्यापासून निदान या शिक्षणाचा प्रकार तरी लोकांना माहीत झालाय, पूर्वी "म्हणजे बीएच ना?" इथेच गाडी अडायची. ग्रिनेल १८४६ सालचं आहे, मॅकॅलेस्टर १८७४ चं. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेले रॉबर्ट नॉइस ग्रिनेलचे विद्यार्थी. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान १९६१ साली मॅकॅलेस्टरमधून बाहेर पडले आणि त्या कॉलेजच्या आवारात १९५० पासून संयुक्त राष्ट्रांचा झेंडा फडकतो आहे. काका-मामांसाठी एवढं पुरे. क्रमवारीतला पाच-दहा जागांचा फरक मनातून काढून टाका. पुढे पीएचडीला किंवा नोकरीला निवडणारे लोक या दोन्ही नावांना सारखाच मान देतात.

आता पहिला खरा फरक. ग्रिनेलमध्ये सक्तीचं जवळजवळ काही नाही. पहिल्या सत्रात एक ट्यूटोरियल, म्हणजे दहा-बारा मुलांच्या गटात वाचन, लेखन आणि चर्चा, ते सगळ्यांना करावंच लागतं. त्यानंतर मुख्य विषयाच्या अटी सोडल्या तर बाकी काय शिकायचं ते विद्यार्थी आणि त्याचे सल्लागार प्राध्यापक मिळून ठरवतात. मॅकॅलेस्टरमध्ये पदवीसाठी काही चौकटी पूर्ण कराव्या लागतात: दुसरी भाषा, संख्यात्मक विचार, लेखन, जगाची ओळख करून देणारा अभ्यास, अमेरिकी समाजातले भेद समजावणारा अभ्यास. (भाषेच्या अटीसाठी तिची मराठी-हिंदी धरली जाते का, हे ईमेलने विचारून घ्या. त्याने काही तास मोकळे होऊ शकतात.)

ऐकायला स्वातंत्र्य नेहमीच गोड लागतं. पण आपली मुलं कशातून आलेली असतात ते आठवा. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट सिरीज. कोणता विषय घ्यायचा हे दहावीच्या टक्क्यांनी ठरवलेलं. अशी काही मुलं मोकळ्या अभ्यासक्रमात गेली आणि चार वर्षं गणित, कॉम्प्युटर आणि अर्थशास्त्र एवढंच करून परत आली. अमेरिकेत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम बांधला. मला त्याचं वाईट वाटतं, कारण एवढ्या खर्चाचं सगळं सार्थक त्या न ठरवलेल्या विषयांत असतं. याउलट जी मुलगी प्राध्यापकांच्या दारावर टकटक करून "मला हे दोन विषय जोडायचे आहेत, कसे जोडू?" असं विचारू शकते, तिच्यासाठी ग्रिनेलसारखी जागा सोन्यासारखी. तुमची मुलगी कोणती, हे तुम्ही आणि ती जाणता. मी तिला एकदाच फोनवर ऐकलंय. बोलते छान, पण प्रश्न तुम्ही विचारत होतात.

विषयाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की अकरावीत तिने मुठेच्या काठावर पाण्याचे नमुने घेण्याचं काम केलं आणि त्यातून तिला नदी, शहर आणि पैसा यांचं नातं समजून घ्यावंसं वाटतं. हे वाक्य तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं आहे. मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहरात आहे, शेजारी मिनिआपोलिस, आणि कॉलेजपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर मिसिसिपी नदी. तिथे भूगोलाचा स्वतंत्र, नावाजलेला विभाग आहे. अशा छोट्या कॉलेजांत भूगोल फारसा कुठे उरलेला नाही. शहरांचा अभ्यास, नकाशांवरून माहितीचं विश्लेषण, पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे प्रश्न त्या विभागात शिकवले जातात. दुसरीकडे ग्रिनेलकडे कॉनर्ड पर्यावरण संशोधन क्षेत्र आहे, ३६५ एकरांचं. आयोवातल्या मूळच्या उंच गवताच्या माळरानातलं ९९ टक्क्यांहून जास्त नांगराखाली गेलं. तेच माळरान या जागेवर पुन्हा उभं करण्याचं काम चालतं. ठरवून आग लावून गवत जाळायचं, मग काय उगवतं ते मोजायचं, अशी कामं विद्यार्थी स्वतः करतात. वेताळ टेकडीवर पहाटे जाऊन गवत आणि पक्षी बघणाऱ्या मुलीला मी डोळे मिटून ग्रिनेल सांगितलं असतं. शेतातून वाहून येणारं खत नदीत जाऊन काय करतं, हा प्रश्न तिला पडत असेल तर आयोवासारखी जागा शोधून सापडणार नाही. प्रश्न शहरातल्या नदीचा असेल तर मॅकॅलेस्टर.

पण विभागाचं नाव आणि विभागाचं वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. मी आजवर केलेल्या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच.

प्रत्येक कॉलेजचा एक कॅटलॉग असतो. त्यात विभागाचे सगळे अभ्यासक्रम सुंदर वर्णनासह दिलेले असतात. पालक तेच वाचतात. पण कॅटलॉगमध्ये असलेला अभ्यासक्रम दर वर्षी शिकवला जातोच असं नाही. खरी गोष्ट रजिस्ट्रारच्या (नोंदणी कार्यालयाच्या) पानावरच्या सत्रवार वेळापत्रकात असते: या सत्रात कोणता तास, कोण शिकवणार, किती जागा. मागच्या चार सत्रांची वेळापत्रकं काढा. छापून घ्या, स्क्रीनवर हे काम होत नाही. मग तिला एक लाल पेन द्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला तिला खरोखर घ्यावेसे वाटतील अशा तासांना गोल करायला सांगा.

मागच्या वर्षी असाच एक मुलगा माझ्याकडे कर्वे रोडच्या ऑफिसात बसला होता. टेबलावर दोन कॉलेजांचे कागद, शेजारी गार होत चाललेला चहा. ज्या कॉलेजवर त्याचं मन बसलं होतं त्याच्या कॅटलॉगमध्ये त्याच्या विषयाचे वरच्या पातळीचे अकरा अभ्यासक्रम होते. चार सत्रांच्या कागदांत गोल पडले पाच. त्यातले तीन एकाच बाईंचे, आणि त्या बाई पुढच्या वर्षी अभ्यासरजेवर जाणार असल्याचं विभागाच्या पानावर लिहिलेलं होतं. दुसऱ्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये आठच अभ्यासक्रम होते, पण आठही झालेले, चार वेगवेगळ्या प्राध्यापकांनी शिकवलेले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे तिथे दुकान मोठं आहे, पण माल मागवावा लागतो." त्याने दुसरं कॉलेज घेतलं.

छोट्या कॉलेजात एका विभागात पाच-सहा कायमचे प्राध्यापक असतात. त्यातले दोन रजेवर गेले की विभागाचा एक तृतीयांश भाग नाहीसा होतो. मोठ्या विद्यापीठात हे जाणवत नाही, इथे पदवीच्या नियोजनावर परिणाम होतो. म्हणून नावापुढे 'व्हिजिटिंग', म्हणजे तात्पुरते, असं लिहिलेलं आहे का, हेही पाहा. असे शिक्षक उत्तम असतात, पण तुमची मुलगी तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत ते तिथे असतीलच असं नाही, आणि पीएचडीसाठी शिफारसपत्र मागायचं तर जुनी ओळख लागते.

आता पैसे. तुम्ही म्हणता रक्कम जवळपास सारखी आहे. पहिल्या वर्षाची सारखी आहे. मदतपत्रात एक ओळ शोधा: ही मदत डॉलरमध्ये ठरलेली रक्कम आहे, की फी वाढली तर ती वाढते? तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून कल्पित आकडे घेते. समजा 'अ' कॉलेजचा एकूण खर्च वर्षाला ८४,००० डॉलर आणि शिष्यवृत्ती ४६,००० डॉलर, चारही वर्षं तेवढीच. तुम्ही भरणार ३८,०००. 'ब' कॉलेजमध्ये तुम्ही भरणार ४०,०००, पण तिथली मदत गरजेवर आधारलेली आणि खर्चाच्या प्रमाणात वाढणारी. वरवर पाहता 'अ' स्वस्त. खर्च दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढतो असं धरा. चार वर्षांत 'अ' ला तुम्ही भराल १,७२,७०३ डॉलर आणि 'ब' ला १,६९,८५९. पहिल्या वर्षी २,००० डॉलरनी महाग दिसणारं कॉलेज शेवटी २,८४४ डॉलरनी स्वस्त निघालं. हे गणित मी प्रत्येक घराला स्वतः हाताने करायला लावते, कारण केल्याशिवाय पटत नाही. त्यावर रुपया. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता, २०२२ मध्ये ८० च्या वर गेला, २०२५ च्या शेवटी त्याने ९० ओलांडले. चौथ्या वर्षाचा हिशेब आजच्या भावाने करू नका.

मदतपत्रातली आणखी एक गोष्ट. त्यात 'कॅम्पस एम्प्लॉयमेंट' असं लिहून दोन-तीन हजार डॉलर दाखवलेले असतात. ती फीमधली सूट नसते. तिने ग्रंथालयात किंवा भोजनगृहात काम करून तासाच्या हिशेबाने मिळवायचे ते पैसे असतात, ते वर्षभर थोडे थोडे हातात येतात आणि ऑगस्टमध्ये फी भरताना ते तुमच्याजवळ नसतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम कॅम्पसवरही करता येत नाही आणि पहिल्या वर्षी तेवढंही करू नये. एका वडिलांनी हे पैसे दोन कॉलेजांपैकी एकाच्याच हिशेबातून वजा केले होते, दुसऱ्याच्या पत्रात ते वेगळ्या पानावर होते म्हणून. निर्णय त्या चुकीवर होणार होता.

शिष्यवृत्तीला गुणांची अट आहे का, हेही वाचा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीला, कॉलेजचं नाव घेत नाही, किमान ग्रेड राखण्याची अट होती आणि ती तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होती. पहिलं सत्र, नवा देश, घरची आठवण, रसायनशास्त्राचा एक अवघड तास. तिची ग्रेड अगदी थोडक्यात खाली गेली आणि पुढच्या वर्षीचा निम्मा आधार गेला. तेव्हा मी ती अट तिच्या आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवायला हवी होती. आता प्रत्येकाला दाखवते. आणि कॉलेजला लेखी विचारा: मधल्या काळात घरचं उत्पन्न घटलं तर परदेशी विद्यार्थ्याच्या मदतीचा पुनर्विचार करता का? अनेक ठिकाणी उत्तर 'नाही' असतं. ते आज कळलेलं बरं.

बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाचं एक लांबलचक पत्रक प्रसिद्ध करतात. त्यातल्या एच-६ या भागात परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे दिलेलं असतं. 'बी' भागात पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली आणि किती जण पदवी घेऊन बाहेर पडली, ते असतं. 'आय' भागात वर्गांचे आकार. दोन कॉलेजांची ही तीन पानं शेजारी ठेवली की बरीच धूसर चर्चा बंद होते.

भारतातून पैसे पाठवताना एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, ती तुम्हाला पुरेल. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, लागत नाही. त्यावरच्या रकमेवर लागतो, पण बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशांवर नाही. कापलेला टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो, तो बुडत नाही, फक्त काही महिने अडकतो. दोन्ही कॉलेजांना हे सारखंच लागू असल्याने निवडीत त्याला धरू नका, पण ऑगस्टच्या रोख रकमेत धरा.

आता उन्हाळा. आपल्याकडे सुट्टी म्हणजे सुट्टी. अमेरिकेत पदवीच्या मुलांचे मे ते ऑगस्ट हे साडेतीन महिने पुढची नोकरी किंवा पीएचडी ठरवतात. परदेशी विद्यार्थ्यासाठी इथे एक भिंत आहे. अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशांवर चालणाऱ्या पदवी-विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संशोधन जागा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतात. कॅम्पसबाहेर कंपनीत इंटर्नशिप करायची तर सीपीटीची (शिक्षणाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची) परवानगी लागते आणि ती साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. म्हणजे तुमच्या मुलीच्या उन्हाळ्याचा आधार कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीवर असेल. इथे ग्रिनेलचं पारडं जड आहे. त्यांचा निधी २ अब्ज डॉलरहून मोठा आहे आणि विद्यार्थी जेमतेम १,७०० च्या आसपास. मॅकॅलेस्टरचा निधी त्याच्या निम्म्याहून कमी आणि विद्यार्थी २,००० च्या वर. ग्रिनेलमध्ये प्राध्यापकांसोबत एकेका विषयावर खोल संशोधन करण्याची, 'मॅप' नावाची जुनी पद्धत आहे. मॅकॅलेस्टरमध्येही प्राध्यापकांबरोबर उन्हाळी संशोधन चालतं आणि शिवाय शहर आहे, म्हणजे सत्र चालू असतानाच संस्था, कार्यालयं, महापालिका यांच्याशी जोडून घेता येतं. दोन्हीकडे एकच प्रश्न पाठवा: मागच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या पैशावर काम केलेल्या मुलांत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची परदेशी मुलं किती होती? आकडा देणाऱ्या कॉलेजचं उत्तर आणि "आमच्याकडे भरपूर संधी आहेत" असं लिहिणाऱ्याचं उत्तर शेजारी ठेवा.

पदवीनंतरचा मुद्दा बहुतेक घरं विसरतात. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने ओपीटीवर, म्हणजे आपल्या विषयातल्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करता येतं. विषय सरकारी 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. आता बारीक गोष्ट पाहा. अर्थशास्त्राच्या सरकारी संकेतांकांपैकी दोन इथे महत्त्वाचे. ४५.०६०१ म्हणजे साधं अर्थशास्त्र, ते यादीत नाही. ४५.०६०३ म्हणजे संख्यात्मक अर्थशास्त्र, ते यादीत आहे. दोन कॉलेजांत तेच गणित, तीच अर्थमिती (आकडेवारीने अर्थशास्त्र तपासणं), तशीच पुस्तकं, पण एकाच्या आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या पत्रावर) पहिला क्रमांक आणि दुसऱ्याच्या वर दुसरा, तर एका मुलीला कामासाठी एक वर्ष मिळतं आणि दुसरीला तीन. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा: अर्थशास्त्र घेतलं तर आय-२० वर कोणता संकेतांक येतो? पर्यावरणाच्या अभ्यासाला कोणता? उत्तर लेखी घ्या. व्हिसाचे नियम सध्या सतत बदलत आहेत, चार वर्षांनी काय असेल त्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, तरीही हा फरक आज समोर असताना डोळेझाक करू नये.

गाव आणि थंडी याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय. आईचा जीव. थंडी दोन्हीकडे कडक आहे, त्यात निवड नाही. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जाण्याचे दिवस दोन्हीकडे येतात. गावात मात्र फरक आहे. ग्रिनेल हे नऊ-दहा हजार वस्तीचं गाव, भोवती मक्याची शेतं, कॉलेजच्या आवारातून जाणारी रेल्वेलाइन. जवळचा मोठा विमानतळ डे मॉइनचा, सुमारे तासाभरावर. बहुतेक मुलं चारही वर्षं कॅम्पसवरच राहतात. मॅकॅलेस्टरहून मिनिआपोलिसचा विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर, बस आणि लोकल गाडी आहे, भारतीय वाणसामान मिळतं, मेपल ग्रोव्हला मोठं हिंदू मंदिर आहे. पण तिथे पहिली दोन वर्षं कॅम्पसवर राहणं सक्तीचं आणि पुढे बरीच मुलं बाहेर खोली घेतात, म्हणजे भाडेकरार, स्वयंपाक आणि बर्फातून चालत येणं हे तिसऱ्या वर्षाच्या हिशेबात आलं. काही मुलींना त्यात मोकळेपणा वाटतो. कोथरूडच्या एका मुलीने मला लिहिलं होतं की स्वतःच्या खोलीत पहिल्यांदा पोहे केले, तेव्हा तिला आपण मोठ्या झाल्यासारखं वाटलं.

छोटं गाव म्हणजे एकटेपणा, असं धरून चालू नका. परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण दोन्हीकडे दहा टक्क्यांच्या वर आहे. शिवाय जिथे बाहेर जायला फारसं काही नसतं तिथे मुलं एकमेकांना धरून राहतात, हे मी ग्रिनेलसारख्या जागांच्या मुलांकडून अनेकदा ऐकलंय. विचारायचं ते वेगळं: नोव्हेंबरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी आणि डिसेंबर-जानेवारीची मोठी सुट्टी, यात वसतिगृह आणि भोजनगृह चालू असतं का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का? डिसेंबरात पुण्याला येण्या-जाण्याचं तिकीट दर वर्षी परवडत नाही. ते तीन-चार आठवडे मुलगी कुठे असेल हे आज ठरलेलं असू दे.

हे सगळं वेबसाइटवरून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं तिथे शिकणाऱ्या मुलांकडून. प्रवेश कार्यालयाला सांगितलं की ते भारतीय विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतात. एप्रिलमध्ये ही दोन्ही राज्यं आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतात, म्हणजे आपले सकाळचे साडेआठ म्हणजे त्यांचे आदल्या रात्रीचे दहा. विद्यार्थ्यांशी बोलायला ही उत्तम वेळ. बोलताना तुम्ही खोलीत असू नका. हे मी आग्रहाने सांगते. आणि तिला "कॉलेज कसं आहे?" असं विचारू देऊ नका, त्याला सगळे "छान" म्हणतात. "मागच्या आठवड्यात तू सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवलास?" हे विचारू दे. "कोणता तास हवा होता आणि मिळाला नाही?" हे विचारू दे.

ईमेलही तिनेच लिहावेत, आर्थिक मदतीच्या कार्यालयालासुद्धा. एका कॉलेजची रक्कम दाखवून दुसऱ्याकडे घासाघीस करू नका, ती तुळशीबाग नाही. पण तुमच्या घरच्या परिस्थितीत अर्ज केल्यानंतर खरोखर काही बदल झाला असेल, तर कागदपत्रांसह सांगून फेरविचाराची विनंती करायला काहीच हरकत नाही. मुलीने कशाला लिहायचं, असं पालक विचारतात तेव्हा मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली, अठराव्या वर्षी, पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आपली तयारी किती आहे आणि किती नाही, हे सांगणारं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं. शिवाय मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत व्हिसाच्या खिडकीसमोर दोन-तीन मिनिटांत "हेच कॉलेज का?" असं विचारतील तेव्हा ती एकटीच असणार आहे. ज्या मुलीने लाल पेनने स्वतः गोल केलेले असतात तिला ते उत्तर पाठ करावं लागत नाही.

माझं मत विचाराल, तर तुमच्या पत्रावरून माझा कल थोडा मॅकॅलेस्टरकडे आहे. कारण ती मुठा. शहरातली नदी आणि तिचं अर्थकारण हा प्रश्न घेऊन जाणाऱ्या मुलीला भूगोलाचा चांगला विभाग आणि दाराशी शहर एकत्र मिळणं, हे दुर्मिळ आहे. पण दोन गोष्टींनी माझं मत फिरेल. मॅकॅलेस्टरची मदत ठरलेल्या रकमेची आणि ग्रिनेलची खर्चाबरोबर वाढणारी असेल, तर ग्रिनेल. आणि तिला पीएचडीकडे जायचंय हे तिच्या तोंडून आलं, तर ग्रिनेलच्या उन्हाळ्यांना मी जास्त वजन देईन. "एक वर्ष एकीकडे बघू, नाही जमलं तर बदलू" हा विचार मात्र सोडा. कॉलेज बदलणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुन्हा एवढी मदत मिळणं फार कठीण असतं. तसंच दोन्हीकडे पैसे भरून जागा अडवूही नका. ते कळलं तर दोन्ही प्रवेश जाऊ शकतात.

शेवटी तारखेचं. १ मे हा महाराष्ट्र दिन, बँका बंद. होकाराची अनामत काहीशे डॉलरची असते आणि आंतरराष्ट्रीय कार्डाने भरता येते, पण कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घेणं, मर्यादा वाढवणं, ओटीपी न येणं, हे सगळं आमच्याकडे दर वर्षी ३० एप्रिलच्या संध्याकाळी घडतं. २५ तारखेच्या आत भरून मोकळ्या व्हा. आणि त्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजला नकार कळवा. दोन ओळी पुरतात: आभार, आणि मी दुसरीकडे जात आहे. ते पत्रही तिनेच लिहावं. त्या जागेसाठी प्रतीक्षायादीवर कुणीतरी रोज ईमेल उघडून बघत असतं.